काचेतल्या विहिरीवरच्या बायका

सुगी आली की धाराशिवात धूळ कुणाला विचारत नाही. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव काढता येतं. आजूबाजूच्या शिवारात ज्वारीची काढणी चाललेली, रस्त्यानं कडब्यानं लादलेले ट्रॅक्टर, कुठंतरी मळणीयंत्राची घरघर आणि या सगळ्यावरून येणारा फाल्गुनातला कोरडा वारा. बायको फडकं घेऊन दिवसभर धुळीच्या मागं असते. मी खिडकीत बसून धुळीचा रंग ठरवत असतो. पिवळा गेरू, त्यात राखाडी, किंचित तपकिरी. पांढरा नको, पांढऱ्यानं ती पिठासारखी दिसते. "बघत काय बसलाय, पुसा की," बायको म्हणते. मला ती पुसावीशी वाटत नाही आणि बघवतही नाही. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सुगीनं माझं हे करून ठेवलं आहे.

त्या सुगीत मी धूळ रंगवत होतो. आयुष्यभर हायस्कुलात चित्रकला शिकवली, दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढू नका म्हणून पोरांवर ओरडलो, पोरांनी तेच काढलं, आणि निवृत्त झाल्यावर मी खेळण्यातल्या रेल्वेच्या डब्यांवर धूळ रंगवायला बसलो. हे अरविंदचं खूळ. अरविंद माझा शाळासोबती. त्याचे वडील आमच्या गावच्या स्टेशनात मास्तर होते. घराणं मूळ तुळजापूरचं, भिक्षुकी सोडून नोकरीला लागलेलं. माझे वडील त्याच लाइनीवर गँगमन होते, म्हणजे रूळ सांभाळणारे, खडी ठोकणारे मजूर. गावाचं नाव लिहीत नाही. गावातले लोक आता नीट वागतात, त्यांना उगाच वाईट वाटायला नको. शिवाय या जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी पुढची हकीकत बदलणार नाही.

त्या गावावरून छोटी गाडी जायची. नॅरोगेज. रूळ इतके जवळजवळ की दोन रुळांत एक म्हैस आडवी बसली तर तिची शेपटी बाहेर राही. पुढं रुंद रूळ आले, धाराशिवला मोठं स्टेशन झालं, आणि आमचं दोन खोल्यांचं स्टेशन मोडलं. रुळालगतची आमची वस्तीही उठली. कुणी गावाच्या दुसऱ्या अंगाला गेलं, कुणी पुण्याला, आम्ही आधीच धाराशिवला आलो होतो. अरविंदही कोर्टात नोकरी करून इथंच स्थिरावला. त्याचा मुलगा परदेशात असतो. त्यानं बापाच्या हौसेखातर छोट्या गाडीचं इंजिन, डबे, रूळ असं सगळं खोक्यातून पाठवलं. डबा बोटाच्या दोन पेरांएवढा.

"मिलिंद, आपण आपलं स्टेशन पुन्हा बांधू," अरविंद म्हणाला. "टेबलावर. रूळ आणि वीज मी बघतो. रंग आणि माती तुझी."

माझ्या वाट्याला माती आली याचं मला त्या वेळी काही वाटलं नाही. उलट आनंद झाला. निवृत्त माणसाला कुणी कामाला बोलावलं की तो काम कुठलं हे विचारत नाही.

त्याच्या हॉलमध्ये दारापासून खिडकीपर्यंत प्लायवूडची लांब फळी टाकली. वहिनींचं जेवणाचं टेबल तिच्याखाली गेलं ते गेलंच. पुढचे तीन-चार महिने त्या घरात सगळे मांडीवर ताट घेऊन जेवले. मालाचे डबे आले ते कोरे करकरीत होते, लग्नातल्या नवरदेवाच्या बुटासारखे. मी पहिला डबा हातात घेतला, थिनरमध्ये काळा आणि तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ केला आणि सरळ त्याच्यावर ओतला. अरविंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"अरे, काय करतोस? महागाचा आहे तो."

"थांब."

कापडानं वरून खाली एकदाच पुसलं. उंचवट्यावरचा रंग निघाला, फटींत राहिला. मग स्पंजाचा तुकडा तांबड्या रंगात बुडवून, जवळजवळ सगळा कागदावर टिपून, दाराच्या बिजागरीखाली दोन ठिकाणी टेकवला. खडूची पूड ब्रशनं चाकांवर फुंकरली. अरविंदनं डबा डोळ्याशी नेला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "हा आपल्या गावचा," तो शेवटी म्हणाला. "यातून गूळ जायचा."

इंग्रजीत याला वेदरिंग म्हणतात. मी मळवणं म्हणतो. लोकांना वाटतं मळवणं सोपं, कुठंही काळं फासलं की झालं. तसं केलं तर डबा जुना दिसत नाही, नुसता घाण दिसतो. मळ कुठून आला हे माहीत पाहिजे. छपरावरचा मळ इंजिनाचा, काजळीचा. खालच्या अंगाचा जमिनीचा, त्या त्या गावच्या मातीचा. बाजूवरचे ओघळ पावसाचे, आणि ते खिळ्यापासूनच सुरू होतात, मधूनच नाही. दाराजवळची चकाकी हमालांच्या खांद्यांची. तिथं गंज धरतच नाही, कारण रोज माणसाचं अंग घासतं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. लहानपणी दिवसभर त्या डब्यांच्या सावलीत बसून असायचो, त्यामुळं ठाऊक होतं. अरविंदला स्टेशनाच्या घड्याळाखालचा बाक आठवायचा, हिरवा झेंडा आठवायचा, वडिलांच्या कोटाची बटणं आठवायची. मला डब्यांची खालची बाजू आठवायची. दोघांचं मिळून एक स्टेशन पुरं होत होतं, असं मला तेव्हा खरोखर वाटलं.

ते दिवस सुखाचे होते. हे कबूल करावं लागतं आणि त्याचाच जास्त राग येतो. सकाळी चहा घेऊन मी निघायचो तो दुपारच्या जेवणाला पण तिथंच. वहिनी आग्रहानं वाढायच्या, त्याच ताटात, त्याच वाटीत. त्या घरात माझ्यासाठी वेगळं असं कधी काही नव्हतं, हे मी मुद्दाम लिहितो. झाडं करायला आंघोळीचा स्पंज हिरवा रंगवून मी आमच्या मिक्सरमधून काढला. त्या दिवसापासून आमच्या घरातली चटणी हिरवी नसली तरी हिरवट दिसते, असं बायकोचं म्हणणं आहे. केरसुणीच्या काड्या कापून ज्वारीचं रान उभं केलं. सुकलेल्या तरवडाच्या फांद्यांची बाभळं झाली. खडीसाठी ओढ्यातली वाळू तीन चाळण्यांतून काढली आणि ड्रॉपरनं पातळ डिंक थेंबथेंब सोडून रुळांमध्ये बसवली. असल्या कामात माणूस म्हातारा होत नाही, पाठ होते.

माती खरी आणायची, ह्या हट्टावर मी अडून बसलो. जुन्या स्टेशनाच्या जागी आता रान आहे. तिथून पिशवीभर काळी माती आणली, उन्हात तव्यावर भाजली, आईच्या जुन्या लुगड्यातून गाळली. मग अरविंदनं तिच्यावरून लोहचुंबक फिरवला आणि चुंबकाला मिशा फुटल्या. आमच्या काळ्या मातीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते तसेच राहिले तर धावत्या इंजिनाच्या मोटारीत शिरतात आणि मोटार जळते. दोन दिवस आम्ही मातीतून लोखंड वेचत होतो. "इतकी वर्षं या मातीत राहिलो, हिच्यात लोखंड आहे हे माहीत नव्हतं," अरविंद म्हणाला. माझ्या वडिलांच्या हाताला माहीत असेल, असं मी म्हणालो, आणि दोघंही हसलो.

स्टेशन झालं, सिग्नल झाला, मास्तरांचा क्वार्टर झाला, गावाकडची विहीर झाली. विहीर अरविंदनं स्वतः केली, हौसेनं. बारक्या दगडांचा गोल कट्टा, वर लाकडी रहाट, बाजूला पिंपळ. आता इंजिनाला पाणी पाजायचा लोखंडी नळ उरला होता. रुळाशेजारी उभा खांब आणि वरून आडवा येणारा, कापडी तोंडाचा पाइप. आम्ही त्याला सोंड म्हणायचो. मी तो बॉलपेनच्या रिफिलचा आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचा केला, गंज चढवला, बुडाशी हिरवट ओल रंगवली. ती ओल रंगवताना माझा हात थांबला. कारण त्या ओलीत आमच्या बायका उभ्या असायच्या.

आमच्या वस्तीला पाणी नव्हतं. गावच्या विहिरीवर आम्ही चढायचं नव्हतं. खाली घागर ठेवून लांब उभं राहायचं, कुणाला वाटलं तर वरून ओतायचं, नाही वाटलं तर उन्हात थांबायचं. हे फार जुन्या काळातलं नाही, मी बघितलेलं आहे. रेल्वेला मात्र स्वतःची विहीर होती, पंप होता, उंच टाकी होती. दुपारची गाडी आली की इंजिन सोंडेखाली उभं राही. त्याचं पोट भरलं की फायरमन सोंड फिरवायचा आणि खटका तसाच उघडा ठेवायचा, थोडा वेळ. तेवढ्यात वस्तीतल्या बायका घागरी भरून घ्यायच्या. गाडीला उशीर झाला तर आमच्या चुलीला उशीर. गाडी आली नाही तर त्या दिवशी भांडी राखेनंच. आमच्याकडं घड्याळ नव्हतं, पण गाडीचा टाइम वस्तीतल्या प्रत्येक बाईला मास्तरांइतकाच पक्का होता.

मी अरविंदला म्हणालो, "वस्ती घालायची राहिली."

"घाल की," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

आता अडचण अशी होती की स्टेशनाचे फोटो होते. अरविंदकडं त्याच्या वडिलांचा गणवेशातला फोटो होता, मागं स्टेशनाची पाटी, कुंड्या, बाक. वस्तीचा फोटो नव्हता. कुणी काढलाच नाही. फोटो काढण्याजोगं तिथं काय आहे, असं बाहेरच्यांना वाटलं असणार, आणि आमच्याकडं कॅमेरा कुठला. वस्ती उठली तेव्हा ती फक्त त्यात राहिलेल्यांच्या डोळ्यांत उरली, आणि त्यातले डोळे एकेक करून मिटत चालले होते. फळीवर मी जी वस्ती करणार होतो ती तिची पहिली आणि शेवटचीच तसबीर होती. हे एवढं माझ्या दृष्टीनं त्या सगळ्या खेळात खरं होतं. बाकी गाडी गोल फिरो नाहीतर उलटी.

मी आईला विचारून विचारून घरं केली. आई ऐंशीच्या पुढं गेली आहे, ऐकू कमी येतं, पण कुणाचं दार कुठल्या बाजूला होतं हे विचारलं तर डोळे मिटून सांगते. "ठकूबायचं दार रुळाकडं. तिच्या वसरीला पत्रा व्हता, बाकी समद्यांचं पाचट." मी पुठ्ठ्याचं घर करून तिच्या पुढ्यात ठेवी. ती तळहातावर घेऊन फिरवून बघे. "भिताड लई सरळ केलास. आमचं वाकडं व्हतं. तुझ्या बापानं बांधलंय ते." मग मी भिंत वाकडी करी. सगळ्यांत शेवटी बायका केल्या. तांब्याच्या बारीक तारेवर पुट्टी चढवून, करंगळीच्या नखाएवढ्या. डोक्यावर घागर, कमरेवर घागर. आईला तिची आकृती दाखवली, हिरवं लुगडं रंगवून.

"हिरवं न्हाय," ती म्हणाली. "हिरवं सणाला. पान्याला जाताना इटकरी. हितं फाटल्यालं."

मी विटकरी रंग दिला आणि खांद्यापाशी सुईच्या टोकानं रंग खरवडून फाटकं केलं. तिनं ती बाई चिमटीत धरून उजेडात पाहिली. मग दिवसभर ती बाई आपल्या उशाशी ठेवून घेतली आणि संध्याकाळी मला परत दिली.

वस्ती फळीच्या अगदी टोकाला आली. आमची वस्ती होतीच टोकाला, स्टेशन संपून सिग्नलच्या अलीकडं. बायका मी सोंडेखाली चिकटवल्या, रांगेत. गाडी आली की त्यांच्यापाशी थांबे. अरविंद स्वीच दाबायचा, इंजिन यायचं, थांबायचं, आणि आम्ही दोन म्हातारे टाळ्या वाजवायचो.

पुढं ही गोष्ट एका कॉलेजच्या लोकांपर्यंत गेली. त्यांनी म्हटलं, आमच्या हॉलमध्ये ठेवा, मुलांना जुनी गाडी कळेल, काचेची पेटी आम्ही करून देतो. आम्हाला आनंदच झाला. नेमकी तेव्हाच परंड्याला माझ्या लेकीची प्रसूती झाली आणि मी, बायको, आई असे सगळे तिकडं गेलो. आठवडाभर राहिलो. लेकीचं दार, बाळाचं रडणं, शेजारच्या रानात चाललेली ज्वारीची खुडणी, आणि मी सगळ्यांना मोबाइलवर डब्यांचे फोटो दाखवत होतो. व्याह्यांनी प्रत्येक फोटोला "छान" म्हटलं. त्यांचा स्वभाव सोसण्याचा आहे. उद्‌घाटनाच्या दिवशी मी आईला घेऊन पहाटेच्या एसटीनं निघालो. आई त्या एसटीत सगळा वेळ पदर सारखा करत होती. तिला तिची वस्ती बघायला चारचौघांत जायचं होतं.

हॉलमध्ये गर्दी होती. काचेच्या पेटीभोवती प्राध्यापक, पोरं, फेटा बांधलेले पाहुणे. मला पाहून लोक बाजूला झाले. "हेच ते सर, मळ रंगवणारे." पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. "काय मळ आहे हो. हुबेहूब. हा गंज बघा, ही धूळ बघा. वाटतं हात लावला तर हाताला लागेल." मी नमस्कार करत पेटीच्या टोकाकडं सरकत होतो. टोक आलं. सिग्नल नव्हता. वस्ती नव्हती. सोंडेच्या पुढं दोन बोटांवर काच होती.

अरविंद घाईघाईनं जवळ आला. "अरे, तुला फोनवर सांगणार होतो, पण तू नातवाच्या गडबडीत. पेटी आखूड झाली. सुताराचं माप चुकलं, हातभर कमी. फळी आत जाईना. कुठून तरी कापावी लागणार होती."

"म्हणून इथून?"

"मग कुठून? स्टेशन कापू? वळण कापलं तर गाडी फिरणार नाही. टोकाला रूळ सरळ होते, तिथंच कापता येत होतं." तो खरं बोलत होता. त्याच्या जागी कुठल्याही सुतारानं तिथंच करवत लावली असती. वस्ती कडेला होती म्हणून तिथं करवत आली, आणि ती कडेला का होती, हा प्रश्न सुताराचा नव्हता. "तुकडा नीट ठेवलाय, कागदात गुंडाळून," तो म्हणाला. "आणि बायका मी टाकल्या नाहीत हं. ते बघ."

मी पाहिलं. बायका विहिरीवर होत्या. पिंपळाखाली, दगडी कट्ट्यावर, रहाटाला लागून. विटकरी लुगड्याची सगळ्यांत पुढं.

आई एव्हाना काठी टेकत काचेपाशी आली होती. तिनं वाकून, डोळे बारीक करून आत पाहिलं. अरविंदनं तिचा हात धरला, प्रेमानं धरला, मला ते दिसत होतं. "काकू, ही कोण ओळखलं का? ही तुम्ही. तुम्हाला मुद्दाम विहिरीवर ठेवलंय. त्या नळाखाली उगाच भिकाऱ्यागत दिसत होतात. आता कुठं राहिलंय तसलं काही. आपल्या गावात तरी नको ते."

आजूबाजूचे चार लोक बरं वाटल्यासारखे हसले. कुणीतरी फोटो काढला.

आई म्हणाली, "अरविंदा, म्या त्या हिरीवर कवाच चढले न्हाय रं बाबा."

"म्हणून तर ठेवलं, काकू."

"चढले असते तर लोकांनी मारलं असतं आमाला."

"तेच तर," अरविंद म्हणाला. "ते सगळं पुसून टाकायचं."

आई काचेकडंच बघत होती. "मग आमाला मारायला कोन कोन येतंय, ती मानसं बी ठिवायची व्हतीस," ती म्हणाली. "आमालाच एकल्याला कशापायी चढवलंस?"

हसणं थांबलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मग कुणीतरी स्वीच दाबला, गाडी निघाली, आणि सगळे सुटल्यासारखे गाडीकडं वळले. माझे मळके डबे वळणावरून गेले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला माझ्या त्या मळाची त्या क्षणी इतकी किळस आली की काच फोडून प्रत्येक डबा धुवावा असं वाटलं. डब्यांचा मळ सगळ्यांना हवा होता. तो हौसेचा होता, त्याच्यामागं माणूस नव्हता. माणसाचा मळ दिसला की मात्र लगेच सगळ्यांना कट्टा धुऊन काढावासा वाटतो, आणि त्यालाच ते मोठं मन म्हणतात.

चार दिवसांनी मी अरविंदकडं गेलो आणि त्याला म्हटलं, बायका सोंडेखाली परत ठेव. तो दुखावला. "मी चांगल्या भावनेनं केलं, मिलिंद. आणि एक सांगू? ते पाणी तुम्हाला माझ्या वडिलांनीच भरू दिलं. त्यांनी मनात आणलं असतं तर बंद करता आलं असतं." मी म्हटलं, पाणी फायरमन देत होता, तुझे वडील तेव्हा आत वळून बसायचे. तो म्हणाला, "मग तेवढं तरी केलं ना?" मी चपला घातल्या. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "मास्तर बगत न्हवता, ते खरं हाय. न बगनं बी तवा लई व्हतं." आईचा न्याय माझ्यापेक्षा मोठा आहे, पण त्यानं माझा राग कमी झाला नाही. ज्यांनी न बघण्याचे उपकार केले त्यांच्या पोरांनी आता बघून घ्यायला काय हरकत होती, असं मला वाटतं आणि वाटत राहील.

कापलेला तुकडा आमच्या कपाटावर आहे. वाकड्या भिंतींची घरं, ठकूबाईचा पत्रा, अंगणात एक कोंबडी. सोंड नाही, कारण ती पेटीत राहिली. बायका नाहीत. माणसं उठून गेलेल्या वस्तीसारखा तो दिसतो, आणि ती तशी उठूनच गेली होती, त्यामुळं बघणाऱ्याला त्यात काही कमी वाटत नाही. अरविंद बाजारात भेटतो. "ये की चहाला," म्हणतो. मी "येतो" म्हणतो. त्याला माझी आठवण येते हे मला त्याच्या तोंडावर दिसतं, आणि मलाही त्याच्या हॉलमधली ती फळी आठवते. पण मी जात नाही. साठ वर्षांची मैत्री अशी करंगळीच्या नखाएवढ्या बायकांवरून जाईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

गेल्या आठवड्यात कॉलेजातून फोन आला. पेटीच्या फटींतून धूळ आत गेली आहे, खरी धूळ, सगळ्या डब्यांवर एक थर बसलाय, ती तुमच्याशिवाय कुणाला काढता येणार नाही, येता का? शिपायानं कुलूप काढून दिलं आणि तो दारापाशी स्टुलावर जाऊन बसला. मी मऊ ब्रशनं आधी डबे झाडले. मग स्टेशन, मग बाक, मग मास्तरांचा क्वार्टर. विहीर शेवटी ठेवली. विहिरीशी आल्यावर खिशातून चिमटा आणि पातं काढलं. आईला घरून सांगूनच निघालो होतो, तुम्हा सगळ्यांना आज तिथून काढतो म्हणून.

पण अरविंदनं पक्कं चिकटवलं होतं. त्याचं सगळं कामच पक्कं. मी विटकरी लुगड्याच्या बाईखाली पातं घातलं, हलवलं, ती निघाली, आणि हातात आल्यावर कळलं की घोट्यापासून तुटली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पावलं कट्ट्यावर राहिली, दगडांना चिकटून, जवळून पाहिलं तरच दिसणारी. पुन्हा पातं चालवलं असतं तर कट्टा उखडला असता. मी बायका रुमालात गुंडाळल्या, काच लावली, शिपायाला "झालं" म्हटलं. त्यानं पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "चकाचक केलंत, सर."

घरी येऊन रुमाल आईच्या पुढ्यात उघडला. तिनं आपली आकृती उचलली, नेहमीसारखी चिमटीत धरून उजेडात नेली.

"हिचं पाय?"

"तिथंच राहिले, माय. विहिरीच्या कट्ट्यावर. निघाले नाहीत."

"आमच्या समद्यांचं?"

"सगळ्यांचे."

आईनं ती बाई हळूच रुमालावर आडवी ठेवली. मग तोंडाला पदर लावून हसायला लागली, खांदे हलेपर्यंत, खोकला येईपर्यंत. मी पाणी आणलं. ते तिनं घेतलं नाही.

"म्हंजी आता बाटवली म्हन की आमी ती हीर," ती म्हणाली. "जा, अरविंदाला सांग. म्हनावं, धुवून काढायला पायजे."